पाणी गिळेपर्यंत

माघ सरत आला की दादाचा फोन येतो. हल्ली त्याच्याकडे मोबाईल आहे, पण तो अजूनही या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसाच बोलतो. "बटाटा काढायला घेतलाय. येती का न्हाई?" येते म्हटलं की लगेच ठेवून देतो, कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. मग मी शनिवारची शाळा उरकून पुण्याहून एसटी धरते, मंचरला उतरते, वडापच्या जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर अर्धी बसून निरगुडसरला पोचते. घरी कुणी नसतंच, सगळे रानात. चपला ओट्यावर काढायच्या आणि अनवाणी तसंच शेताकडे निघायचं, हा माझा दरवर्षीचा नेम आहे.

नुकत्याच वर आलेल्या बटाट्याला एक वास असतो. बाजारात, पोत्यात किंवा स्वयंपाकघरातल्या टोपलीत तो मिळत नाही. नांगर सरीतून जातो, माती दोन्हीकडे कलंडते आणि पिवळे गोळे उघडे पडतात, तेवढ्या घटकेपुरता तो असतो. ओलसर, जरा गोडसर, जरा कोंदट. मला तो वास फार आवडतो. आणि तो आला की मला भीतीही वाटते. दोन्ही एकदमच होतं, आणि इतक्या वर्षांत त्यातलं एकही कमी झालेलं नाही.

बायका नांगरामागून वाकून चालतात. मोठा माल एका ढिगात, गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारीक माल दुसऱ्या ढिगात. सगळ्यांच्या पुढे शैलावहिनी, दादाची बायको. मी तिच्या हातांकडे बघत राहते. बोटं लांब, पंजा निमुळता, मनगट इतकं लहान की कासाराला तिच्या मापाच्या बांगड्या पेटीच्या तळातून शोधून काढाव्या लागतात. तो हात मातीत शिरतो आणि बटाट्याचं साल न दुखवता वर येतो. मी बघते आणि मनातल्या मनात मनगट, कोपर, दंड, खांदा, मान अशी वर वर जाते. ही खोड मला त्या एका हंगामात लागली.

त्या वर्षी मी मंचरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे परीक्षा आणि बटाटा कायम हातात हात घालून येतात. अभ्यासाच्या सुट्टीत मी घरी होते, म्हणजे एका हातात सूक्ष्मजीवशास्त्राचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात पाटी. त्या पुस्तकात विषाणूंचा एक तक्ता होता. ज्यांचा सगळा कारभार आरएनए नावाच्या एका धाग्यावर चालतो असे विषाणू. पोलिओ, गोवर, गालगुंड, इन्फ्लुएंझा अशी रांग. खाली वेगळ्या चौकटीत एड्सचा रेट्रोव्हायरस. त्याच्या पाट्या तेव्हा नाशिक रस्त्याला कळंबच्या पुढेमागे ट्रकवाल्यांच्या हॉटेलांपाशी लागलेल्या असत आणि त्याचं नाव गावात कुणी मोठ्यानं घेत नसे. आणि मधे कुठेतरी रेबीज. आकार बंदुकीच्या गोळीसारखा. मी तो वहीत पेन्सिलीनं काढला होता, छाया वगैरे देऊन. सगळ्या तक्त्यात मला तोच सोपा वाटायचा, कारण लक्षात राहायचा.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून घराची दोरी आईच्या हातात. आई तोंडाची फटकळ. वहिनी नवी नवरी म्हणून घरात आली त्या दिवशीच तिला आईनं बजावलं होतं, "माझं बोलणं मनावर घ्यायचं न्हाई, आन् काम अर्ध्यात टाकायचं न्हाई." वहिनी जुन्नर तालुक्यातल्या राजुरीची. त्या माघात तिला सातवा महिना होता. लेकीला घरचं दूध मिळावं म्हणून तिच्या वडिलांनी, तात्यांनी, त्याआधी दोनेक महिने एक गाभण म्हैस टेम्पोत घालून पाठवली होती. तिचं नावच पडलं राजुरीण. "आमच्या दोन राजुरीणी," आई शेजारणींना सांगायची, "एक दूध देनार, दुसरी उलट उत्तरं देती." वहिनी कधीच उलट बोलत नसे. म्हणूनच तर आईला ते म्हणायला मजा यायची.

राजुरीण व्याली आणि चिकाचा खरवस आळीभर गेला. वेलची घातलेला, सुरीनं वडी पडावी असा. वाट्या झाकून वहिनी स्वतः घरोघर देऊन आली. आमच्याकडे कुणाची वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर, मूठभर शेंगा, निदान गुळाचा खडा तरी घालून ती परत येते. त्यामुळे वाट्या सावकाश येतात, आणि कुणाची कधी आली, काय घेऊन आली, यावर आईची मार्मिक टीका चालते. त्या वेळी अजून एकही वाटी आली नव्हती.

मग एका सकाळी राजुरीणीनं चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ती मान ताणून ओरडायची, पण तो आवाज तिचा वाटत नव्हता. घोगरा, फाटलेला, मधेच तुटणारा. बादलीत तोंड घालायची आणि पाणी तसंच बाहेर सांडायचं. गोठ्याला लागूनच गोल्टीचा ढीग पडलेला. गुरं गोल्टी खातातच, आणि कधीमधी एखाद्या जनावराच्या घशात बटाटा अडकतोच. बटाट्याच्या गावात हे इतकं नेहमीचं की दुसरं काही मनातच येत नाही. दादानं जबडा धरला, आत डोकावला आणि म्हणाला, "अडाकलाय. लई आत हाय."

दादाचा पंजा म्हणजे फावडं. त्यानं बाही वर सारली तशी आई म्हणाली, "तुझा नगं. शैले, तुझा हात बारीक हाय. बांगड्या वर सार आन् घाल."

वहिनीनं बांगड्या कोपराकडे सारल्या, वरून फडकं गुंडाळलं आणि हात घातला. पार कोपरापर्यंत. मी उंबऱ्यात उभी होते. मला आठवतं की आम्हा सगळ्यांना तेव्हा काळजी होती ती म्हशीचीच. वहिनी डोळे मिटून चाचपडत होती. "बटाटा न्हाई घावत," ती म्हणाली, "नुसतं गरम गरम हाय." तेवढ्यात म्हशीनं मान झटकली. फडकं सुटलं, बांगड्या घसरल्या, एक वाढली आणि काच मनगटात रुतली. हात बाहेर आला तो लाळेनं न्हालेला, त्यात रक्ताची एक बारीक रेघ. आईनं हळद दाबली आणि सवाष्णीची बांगडी वाढली म्हणून दिवसभर चुटपुटत राहिली. तिच्या लेखी अशुभ घडलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. मोटारसायकल लावून बॅग घेऊन ते गोठ्यापाशी आले आणि दारातच थबकले. बॅग उघडली नाही. बराच वेळ ते बाहेरूनच बघत होते. राजुरीण ओरडली, तसे एक पाऊल मागे सरले.

"हिला कुत्रं चावलं होतं का?"

नाही, नाही, असं सगळेच म्हणालो. मग वहिनी हळूच म्हणाली, "ती आली त्याच आठवड्यात नाकावर वरखडा व्हता. तारंचा आसंल म्हनून मी हळद लावली व्हती."

डॉक्टरांनी मान हलवली. मग आमच्याकडे वळून विचारलं, "तोंडात हात कुणी घातला?"

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या, आणि वहिनीनं तो हात पदराखाली घेतला. गोठ्यात म्हैस ओरडत होती, पलीकडे रानात नांगर चालला होता, आणि मला माझ्या वहीतलं ते पेन्सिलीचं चित्र आठवलं. छाया दिलेलं. रेबीजची ती बंदुकीची गोळी.

डॉक्टरांनी तिला नळाखाली बसवून साबणानं हात धुवायला लावला. पुरे म्हणेनात. हळद निघाली, खपली निघाली, रेघ पुन्हा लाल झाली. "आजच्या आज मंचर गाठा," ते म्हणाले, "ह्यात उद्या म्हणायचं नसतं." दादानंही जबडा धरला होता, त्यालाही इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. आई एवढंच म्हणाली, "मीच घाल म्हनलं." आणि मग दिवसभर, कुणी विचारो न विचारो, तेवढंच म्हणत राहिली.

पुस्तकात एक गोष्ट अशी लिहिली होती की ती मी घरात कुणाला सांगितली नाही. हा विषाणू रक्तातून धावत जात नाही. तो नसेत शिरतो आणि नसेनसेनं मेंदूकडे चालत जातो. हळूहळू. तो पोचायच्या आत लस पोचली तर माणूस वाचतो. तो आधी पोचला, पाण्याची भीती सुरू झाली, की मग कुणाच्याच हातात काही उरत नाही. मंचरला जाताना जीपमध्ये वहिनी माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात माझ्या मांडीवर. मी त्या हाताकडे बघत होते. मनगट. अजून मनगटातच असेल ना? कोपर किती लांब आहे? बुटक्या माणसाला कमी वेळ मिळतो का? असला विचार माझ्या डोक्यात आला आणि वहिनी आमच्या घरात सगळ्यांत बुटकी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. "काय बघताय?" तिनं विचारलं. ती मला अहोजाहो करायची, नणंद ना मी. म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "तुमी पुस्तकवाल्या काही न्हाई म्हनता तवाच लई भ्या वाटतं."

मंचरला ज्या डॉक्टरीणबाईंकडे तिचं नाव घातलं होतं त्यांच्याकडेच गेलो. तेव्हा पिसाळलेल्या कुत्र्याची इंजेक्शनं म्हणजे पोटातली, हे शेंबडं पोरही सांगायचं. आणि वहिनीच्या पोटात बाळ होतं. बाईंनी तिला झोपवलं, पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दंडात द्यायची नवी लस निघालीय. पुण्यात मिळते. ती आणा, आणि जखमेत भरायचं एक औषध असतं तेही आणा. पण आजच. ती नाही मिळाली तर मी पोटातली देईन, बाळ आहे म्हणून थांबणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

समोर कांतिशेठचं मेडिकल होतं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून उंटावरून आले की बैलगाडीतून, यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही, पण शेठचं मराठी आमच्यापेक्षा चोख. त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन फिरवले. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी लस मिळाली. "औषध गार राहिलं पाहिजे बरं का," त्यांनी दादाला सांगितलं, "ऊन लागलं की गेलं. मग नुसतं पाणी टोचल्यासारखं." त्यांच्या बायकोनं घरातला चहाचा थर्मास धुऊन आणून दिला. लाल फुलांचा होता. तो काखेत मारून दादा एसटीत चढला.

त्या दुपारची मला आजही धास्ती वाटते. दवाखान्याच्या बाकावर वहिनी आणि मी. रस्त्यावरून ट्रॅक्टर, कांद्याचे टेम्पो, उसाच्या गाड्या. प्रत्येक एसटी थांबली की मी उठायचे. दुपार कलली तरी दादा नाही. लाईट गेली, शेठ फ्रीज बंद पडला म्हणून बर्फाचा चुरा कुठून मिळतो ते बघायला गेले. वहिनीनं एकदाच विचारलं, "बाळाला पन व्हतंय का हे?" मी म्हणाले, "तुला होणार नाही, तर बाळाला कुठून होणार?" ती माझ्याकडे बघून हसली. विश्वास ठेवला म्हणून नाही. मी बोलायचा प्रयत्न केला म्हणून हसली.

दादा आला तो टोमॅटोच्या पिकअपमधून. एसटी खेडच्या घाटात बंद पडली होती. पिकअपमध्ये बसायला जागा नव्हती म्हणून मागे क्रेटवर बसून, थर्मास सदऱ्याच्या आत पोटाशी धरून तो आला होता. पोटाशी! शेठनी कपाळावर हात मारला. झाकण काढलं, आत बोट बुडवलं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. बर्फाचं पाणी झालेलं, वर दोन-चार चिपा तरंगत होत्या. "गार आहे," शेठ म्हणाले. मग पुन्हा बोट बुडवून म्हणाले, "आहे गार."

ते "आहे गार" दुसऱ्यांदा म्हणणं माझ्या मनात रुतून बसलं.

बाईंनी लस दिली. जखमेभोवतीचं औषध टोचताना वहिनीनं माझा हात असा आवळला की माझीच बोटं बधिर झाली. दादानं शेजारच्या खोलीत पोटातलं इंजेक्शन घेतलं. नवी लस महाग, म्हणून त्यानं ती फक्त वहिनीपुरतीच आणली होती. पुढचे कित्येक दिवस तो रोज पोटात सुई घेऊन यायचा, पोट धरून बटाट्याच्या गोण्या उचलायचा आणि आयाबहिणींवरून म्हशीचा उद्धार करायचा. म्हैस बिचारी केव्हाच मेली होती. मीठ आणि चुना घालून खोल पुरली होती, लिंबाच्या पलीकडे. पारडू वेगळं बांधलं आणि दुसऱ्याच्या म्हशीच्या दुधावर वाढवलं.

बातमी आळीत पसरायला काय वेळ. दुसऱ्या सकाळी पलीकडच्या कमळाकाकू दारात. आत आल्या नाहीत. "आमी समद्यांनी खरवस खाल्लाय गं. आमाला काय व्हईल?" मी सांगितलं, तो उकडलेला असतो, उकळी आली की काही राहत नाही. बाईंनीही तेच सांगितलं होतं. कमळाकाकूंनी मान डोलावली. पण दुपारपर्यंत वाट्या परत यायला लागल्या. राखेनं घासलेल्या, लखलखीत. आणि रिकाम्या. कुणी हाक मारली नाही, ओट्याच्या पार टोकाला ठेवून गेले. आई एकेक उचलायची आणि कुणाची ते नाव घ्यायची. त्या दिवशी तिनं टीका केली नाही. मला आईचं ते गप्प बसणं बघवेना, तेव्हा मीच ओट्यावर उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं काहीबाही बोलले. त्याचा उपयोग झाला नाही, पण बोलले.

तिसऱ्या दिवशी राजुरीहून तात्या आले. हातातली टोपी नुसती फिरवत ओट्यावर बसले. "ईहीनबाई, माझ्याच म्हशीनं घात केला. पोरीला घिऊन जातो. पयलं बाळंतपन माहेरीच आस्तं."

"न्हाई," आई म्हणाली.

"आवो, रीत हाय."

"आसंल रीत. हात घाल म्हनून मी सांगितलं. आता तिला नजरंआड करायची न्हाई मी." आणि मग, आयुष्यात मी तिला एवढं हळू बोलताना ऐकलं नव्हतं, "तुमची म्हैस आन् माझं त्वांड. दोघांनी मिळून क्येलंय भाऊ. आता दोघं मिळून वाट बघू." तात्या टोपी डोक्यावर घालायची विसरूनच गेले.

वाट बघणं म्हणजे काय, ते त्या हंगामात कळलं. ठरलेल्या दिवशी मंचर, दंडात सुई, परत. बाई म्हणत, सगळं ठीक आहे. पण घरात प्रत्येकाच्या मनात तो थर्मास. ऊन लागलं असेल का? दादाच्या पोटाची ऊब लागली असेल का? पहिलीच सुई नुसत्या पाण्याची गेली असेल तर? मी पुस्तक उघडायचे आणि तो तक्ता आला की पान उलटायचे. परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला. मी लिहिला, आणि वर्गाबाहेर येऊन जिन्यात रडले.

आईनं आपला स्वतःचा एक इलाज काढला. आमच्या घरात सासू सुनेला पाणी देत नाही. सून देते, सासू घेते, तेही न बघता. पण त्या दिवसांत आई पहाटे उठायची, तांब्या घासायची, भरायची आणि वहिनी उठून बसली की तिच्यापुढे धरायची. "पी." वहिनी प्यायची. आई तिच्या गळ्याकडे बघत राहायची. घोट खाली उतरताना गळा हलतो ना, ते बघायची. मग विचारायची, "गिळलं का?"

"गिळलं, आई."

"परत पी."

रोज सकाळी आम्ही सगळे आपापल्या जागी थबकायचो. दादा दाताला मिस्री लावताना, मी वेणी घालताना. तो घोट उतरला की मग घर हलायचं, चूल पेटायची. एकदा वहिनी म्हणाली, "आज तहान न्हाई." आईच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी तिच्याच लुगड्यावर सांडलं. वहिनीनं ते बघितलं आणि उरलेलं सगळं एका दमात पिऊन टाकलं. त्यानंतर तिनं तहान नसल्याचं कधी सांगितलं नाही. तिलाही भीती असणार. तिच्या भीतीसाठी मात्र घरात कुणी तांब्या भरत नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

डोहाळजेवण ठरलं होतं ते आईनं रद्द केलं नाही. "झालं तर झालं, कोन येतंय ते तरी बघू." कोण येणार! हिरव्या साडीत वहिनी पाटावर बसली, मी एकटी ओवाळायला, आणि दारात पायताणं फक्त आमचीच. मग कमळाकाकू आल्या. आल्या त्या सरळ वहिनीजवळ जाऊन बसल्या, तिनं ताटात घेतलेल्या पुरणपोळीचा तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "खरवस पचला तर हे पन पचंल." आईनं तोंडाला पदर लावला.

कळा चैत्राच्या अखेरीला सुरू झाल्या, ऐन उन्हाच्या काहिलीत. मंचरच्या दवाखान्यात वहिनी आतल्या खोलीत, आम्ही बाहेर. मधेच नर्स आली, म्हणाली, पाणी पाजा, ओठ सुकलेत. आई पेला घेऊन आत गेली. मी दारातून बघत होते. वहिनीनं डोळे उघडले, पेला बघितला आणि हातानं झिडकारला. "नगं! पानी नगं!" पेला खाली पडला, खणखणत कॉटखाली गेला.

आई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू झाला: मनगट, कोपर, दंड, खांदा, मान. पोचला. बाई ओरडल्या, "अहो कळा आहेत तिला, कुणालाही नकोच वाटतं! बाहेर व्हा!" पण आईला ते ऐकूच गेलं नाही. ती जमिनीवर बसून दोन्ही हात जोडून नुसती पुटपुटत होती, "घोट घे गं बाय. येकच घोट घे."

नंतर बाळ रडलं. मुलगी. आमच्यापैकी एकानंही आधी बाळाकडे बघितलं नाही. वहिनी घामानं भिजलेली, केस चिकटलेले, तिनं मान वळवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, पानी." तसाच घोगरा आवाज आम्ही गोठ्यात ऐकला होता. आईनं पेला तिच्या ओठाला लावला. वहिनी प्यायली. गटागटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत प्यायली, आणि रिकामा पेला पुढे करून म्हणाली, "अजून." मला आयुष्यात त्याच्यापेक्षा गोड शब्द ऐकल्याचं आठवत नाही.

पाचवीच्या दिवशी कमळाकाकूंनी आमचीच एक वाटी मागून नेली आणि डिंकाच्या लाडवांनी भरून परत आणली. मग हळूहळू आळीतल्या बाकीच्यांनाही आमचं दार दिसायला लागलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सूक्ष्मजीवांचा धडा आला की मुलं विचारतात, बाई, हा विषाणू जिवंत असतो की निर्जीव? मी पुस्तकातलं उत्तर देते. मनात वेगळंच असतं. तो आमच्या घरात शिरला की नाही हे आम्हाला कधीच कळणार नाही. लसीनं अडवला, की वहिनीच्या हातात तो आलाच नव्हता, कोण सांगणार? पण त्याची भीती मात्र आली, चांगली ऐसपैस राहिली, आणि तिनं आमच्या घराला एक वळण लावलं. आईनं तांब्या सोडला नाही. मुलगी चालायला लागली, शाळेत गेली, तरी पहाटेचा तो तांब्या चालूच. पुढे पुढे ती गळ्याकडे बघेनाशी झाली, सवयीनं विचारायची, "गिळलं का?" आणि वहिनी पेंगुळल्या आवाजात म्हणायची, "गिळलं." हे ज्यांना ठाऊक नाही अशा पाहुण्यांना वाटायचं, सुनेला काय आजार आहे की काय.

मागच्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ज्या तोंडानं सगळं गाव हलवलं ते आता दोन शब्दांवर आलं आहे. तिचं सगळं वहिनी करते.

या माघात मी गेले तो दिवस काढणीचाच. दुपारी सगळे भाकरीला घरी आले. मी आईला भरवत होते, वरणात कुस्करलेली भाकरी. एक घास तिनं घेतला आणि तो अडकला. आधी मला वाटलं, थांबलीये. मग तिचे डोळे मोठे झाले, तोंडातून लाळेची तार आली, घशातून एक घोगरा, तुटका आवाज. दादा धावला, पाठीवर थापा मारायला लागला. मी नुसती "डॉक्टर, डॉक्टर" म्हणत राहिले. तो आवाज मी ओळखला होता.

वहिनी ओट्यावर हात धूत होती. ती आत आली. तिनं एकदा आईकडे बघितलं आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सारल्या.

आईनं ते बघितलं. त्या अवस्थेतही तिनं डावा हात उचलला आणि वहिनीचं मनगट धरलं. घट्ट. जबडा मिटून घेतला आणि मान हलवायला लागली. नाही. नाही. घुसमटून चेहरा निळा पडत होता, पण ती तो हात तोंडाजवळ येऊ देईना.

"आई," वहिनी म्हणाली, "त्वांड उघडा. माझा हात बारीक हाय."

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. बोटं सैल पडली. वहिनीनं तिला कुशीवर वळवलं, हात घातला आणि ओला गोळा बाहेर काढला. आईनं श्वास घेतला, तो सगळ्या घराला ऐकू आला. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. नऊवारीच्या पदरानं आईचं तोंड पुसून वहिनीनं मला तांब्या मागितला, चमच्यानं थोडं पाणी आईच्या ओठांत सोडलं आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिली. आम्ही सगळे आपापल्या जागी थांबलो.

गळा हलला.

"गिळलं का, आई?" वहिनीनं विचारलं.